गव्हाच्या मुलखातील भाकरीचा डबा



विंचूर हे गाव महाराष्ट्राला अनेक नात्यांनी परिचित आहे. पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याने या गावाचे नाव इतिहासात नेले, कांद्याच्या व्यापाराने ते दूरदूरच्या बाजारपेठांत पोचविले आणि २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखल्यानंतर येथे उभ्या राहिलेल्या वाइन पार्कने त्यात आणखी एका ओळखीची भर घातली. परंतु आजच्या विषयाचा संबंध ना कांद्याशी आहे, ना द्राक्षांशी. तो आहे गव्हाशी. निफाड तालुका हा गव्हाचा मुलूख होय. निफाड येथे १९३२ पासून गव्हावर संशोधन चालत आलेले आहे आणि तेथे सिद्ध झालेल्या त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती या वाणांची नावे शेतकऱ्यांच्या ओठांवर रुळलेली आहेत. रब्बीत ओंबीला आलेले गव्हाचे शेत हे या भागाचे वैभव, आणि मुलाच्या डब्यातील मऊ पांढरी पोळी ही त्या वैभवाची घरोघरची खूण.

अशा मुलखात एखाद्या मुलाला गहूच सोसत नाही, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पोळी खाल्ल्याने का कोणी आजारी पडते, असा प्रश्न घरातील वडीलधारी माणसे साहजिकच विचारतात. तथापि अशी मुले आहेत. ती संख्येने थोडी आहेत. परंतु त्यांचे बालपण, त्यांची वाढ आणि त्यांचे शिक्षण मधल्या सुट्टीत उघडल्या जाणाऱ्या डब्यावर अवलंबून आहे. म्हणून हा विषय केवळ एखाद्या मातेचा नसून शाळेचा आणि गावाचाही आहे.

आजाराचे स्वरूप

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली असता तिला जो चिकटपणा व ताण येतो, तो या ग्लूटेनमुळे. बहुसंख्य माणसांना त्यापासून कसलाही अपाय होत नाही. परंतु जन्मतःच विशिष्ट आनुवंशिक घडण लाभलेल्या काही व्यक्तींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लूटेनच्या संपर्काने स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करू लागते. आतड्याच्या आतील बाजूस अन्नरस शोषून घेणारे जे सूक्ष्म मखमली उंचवटे असतात, ते झिजतात व सपाट होतात. मग मूल पोटभर जेवले तरी अन्न अंगी लागत नाही. या आजारास सिलिअॅक आजार असे म्हणतात.

त्याची लक्षणे नेहमीच ठळक नसतात. कोणाला वारंवार जुलाब होतात, कोणाचे पोट फुगलेले राहते, तर कोणाला बद्धकोष्ठ होतो. कित्येकदा पोटाची तक्रार नसतेच. मूल वयाच्या मानाने बुटके राहते, गोळ्या देऊनही त्याच्या रक्तातील लोह वाढत नाही, ते चटकन थकते, चिडचिडे बनते आणि वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. अशा मुलाची गणना सामान्य कुपोषणात होते. त्याला जंताचे औषध दिले जाते, अधिक पोळ्या खाण्याचा आग्रह केला जातो आणि आग्रहाच्या प्रत्येक घासाबरोबर आजार वाढत जातो. यातील करुण भाग हा की, खाऊ घालणाऱ्याच्या मायेत कोठेही उणीव नसते.

गहू आणि हा आजार यांतील नाते प्रथम सिद्ध करण्याचे श्रेय विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाकडे जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई निर्माण झाली व पाव दुर्मिळ झाला. सारा देश उपाशी असताना हे आजारी बालक मात्र सुधारत असल्याचे दिसले आणि पाव पुन्हा मिळू लागताच त्यांची प्रकृती पूर्ववत बिघडली. डिके यांना गव्हाचा संशय त्यापूर्वीच आलेला होता. १९५० साली सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी तो शास्त्रीय पुराव्यानिशी मांडला.

भारतात झालेल्या पाहण्यांनुसार उत्तरेकडील गहू खाणाऱ्या प्रदेशांत सुमारे शंभरात एका व्यक्तीस हा आजार आढळतो. दक्षिणेत त्याचे प्रमाण अत्यल्प आहे. आहारातील गव्हाचे प्रमाण हे या तफावतीचे एक प्रमुख कारण मानले जाते. महाराष्ट्र हा या दोन भागांच्या मधोमध वसलेला. येथे एके काळी भाकरी हेच रोजचे अन्न होते आणि गव्हाची पोळी सणावारी होत असे. गेल्या दोन-तीन पिढ्यांत हे चित्र पालटले. म्हणूनच आता आपल्याकडेही शिक्षकाच्या व पालकाच्या मनात या आजाराची शंका वेळेवर येणे अगत्याचे झाले आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. निव्वळ संशयावरून घरच्या घरी गहू बंद करू नये. या आजाराची रक्ततपासणी, आणि आवश्यक तेथे दुर्बिणीद्वारे आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, या दोन्ही गोष्टी मूल गहू खात असतानाच विश्वसनीय ठरतात. गहू अगोदरच सोडला तर निदान हुकण्याचा संभव असतो. तसेच ज्यांना आजार नाही त्यांनी केवळ प्रथा म्हणून गहू सोडण्याचेही कारण नाही. मात्र निदान पक्के झाल्यावर उपाय एकच, तो म्हणजे आयुष्यभर ग्लूटेनरहित आहार. तो नीट पाळला तर पोट बहुधा काही आठवड्यांत सुधारते, काही महिन्यांत वजन वाढू लागते आणि मूल इतर मुलांसारखे वाढते.

उपाय घरच्याच कणगीत

युरोपात किंवा अमेरिकेत अशा मुलाच्या आईला पावाला पर्याय शोधावा लागतो. खास पीठ, खास पाव, खास बिस्किटे यांवर पुष्कळ पैसा खर्चावा लागतो. नाशिक जिल्ह्याची गोष्ट निराळी आहे. विंचूरच्या पूर्वेस येवला-नांदगावच्या आणि दक्षिणेस सिन्नरच्या कोरडवाहू पट्ट्यात बाजरी पिकते. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत नागली, वरई आणि भात होतो. ज्वारी तर महाराष्ट्राच्या पाचवीलाच पुजलेली. यांपैकी एकाही धान्यात हे ग्लूटेन नाही. तांदूळ, मका, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सर्व प्रकारच्या डाळी व कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, मांस, मासे, फळे आणि भाज्या हे सारे या मुलाला चालते. ज्या उपायासाठी इतरांना दुकाने धुंडाळावी लागतात, तो येथे घरच्या कणगीत आहे.

पोषणाच्या दृष्टीनेही ही धान्ये कोठे कमी पडत नाहीत. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इतके अन्य कोणत्याही नेहमीच्या धान्यात नाही. शंभर ग्रॅम बाजरीतून सुमारे ६ मिलिग्रॅम लोह मिळते, तर पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. हाडे ठिसूळ आणि रक्त फिके पडलेल्या मुलासाठी नागली व बाजरी यांची निवड का करावी, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. त्या निमित्ताने भाकरीला जी प्रतिष्ठा लाभली, ती मुलांच्या डब्यापर्यंत पोचली पाहिजे.

याबरोबरच एका गैरसमजाचे निरसन करणे इष्ट होईल. पुष्कळ जण म्हणतात की, नवा संकरित गहू बाधतो, खपली मात्र बाधत नाही. सिलिअॅक आजारापुरते हे खरे नाही. खपली, बन्सी, शरबती, जुना वा नवा, कोणताही गहू घेतला तरी त्यात ग्लूटेन असतेच. या मुलाला खपलीची लापशीही वर्ज्यच होय.

डबा भरावा कसा

ग्लूटेनरहित डबा म्हणजे केवळ गहू वगळलेला डबा नव्हे. बटाट्याचा कीस, साबुदाणा आणि पांढरा भात यांनी पोट भरेल, आजारही चाळवणार नाही. परंतु त्यावर मूल वाढणार नाही. डब्यात एक धान्य, एक डाळ वा कडधान्य, एक भाजी किंवा फळ आणि थोडा स्निग्ध पदार्थ, अशी चार घरे भरली आहेत की नाहीत, हे पाहावे. धान्याला डाळीची जोड मिळाली म्हणजे दोहोंतील प्रथिने परस्परांची उणीव भरून काढतात. शेजारच्या खानदेशातील ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी हे याचे जुने व नामी उदाहरण होय.

आठवड्याचा डबा पुढीलप्रमाणे आखता येईल. सोमवारी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि गूळ-शेंगदाणे. मंगळवारी मूगडाळीचे धिरडे व खोबऱ्याची चटणी. बुधवारी ज्वारी, तांदूळ, हरभराडाळ व उडीद यांच्या भाजणीचे कांदा घातलेले थालीपीठ आणि लोणी. गुरुवारी नागलीची भाकरी, मेथीची भाजी आणि खाणाऱ्यांच्या घरी उकडलेले अंडे. शुक्रवारी शेंगदाणे व मटार घातलेले पोहे आणि पेरू. शनिवारी सकाळच्या शाळेत राजगिऱ्याचा लाडू व केळे. हंगामात द्राक्षे आणि डाळिंब तर नाशिककरांच्या अंगणातच आहेत. निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांना दूधही पचत नाही. अशा वेळी दुधाविषयी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

भाकरीविरुद्ध मुलांची मुख्य तक्रार अशी की, दुपारपर्यंत ती कडक होते. ही तक्रार रास्त आहे आणि तिला उपायही आहे. पीठ कढत पाण्याने मळावे, किंवा नागली-तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करावी. भाकरी लहान व पातळ थापावी, गरम असतानाच तूप अथवा लोणी लावावे आणि वाफ निवल्यावर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. तरीही मूल कंटाळले तर भाकरी कुस्करून त्यात गूळ-तूप घालावे. चमच्याने खाता येणारा हा कुस्करा लहान वर्गांतील मुलांना विशेष आवडतो.

लपलेला गहू

पोळी, पाव, बिस्किट, शेवया, रवा, मैदा आणि दलिया यांत गहू आहे, हे सर्वांना ठाऊक असते. खरी फसगत होते ती दुसरीकडे. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू भाजून घालतात. मेतकुटात गहू असतो. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात. बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे फोडणीच्या चिमूटभर हिंगानेही पथ्य मोडू शकते. ‘नाचणी बिस्किट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या पुड्यावरील बारीक अक्षरे वाचली, तर त्यात नागलीपेक्षा गव्हाचे पीठ अधिक असल्याचे अनेकदा आढळते. दुधात घालावयाच्या माल्टच्या भुकटीत जव असतो, तर सोया सॉसमध्ये गहू.

म्हणून पुड्यावरील घटकांची यादी वाचण्याची सवय पालकांनी लावून घ्यावी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ज्या पदार्थात दर किलोस २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नाही, त्यालाच ‘ग्लूटेनरहित’ म्हणता येते. एक किलोत वीस मिलिग्रॅम म्हणजे किती सूक्ष्म मात्रा, याची कल्पना केली म्हणजे पोळीचा चुराही का चालत नाही, हे ध्यानात येते.

गिरणीचा प्रश्न

ग्रामीण भागात या पथ्याची खरी परीक्षा पिठाच्या गिरणीत होते. गव्हाचे दळण संपताच त्याच जात्यात बाजरी टाकली, तर जात्यात उरलेले गव्हाचे पीठ बाजरीत उतरते. माता मनोभावे भाकरी थापते, मूल मनोभावे ती खाते आणि तरीही आजार हटत नाही. मग दोष उपचाराला दिला जातो. त्यातून बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. ते साठवून ठेवता येत नाही. साहजिकच गिरणीची वारी वरचेवर करावी लागते आणि दर वारीला धोका असतो.

ही भेसळ कधी कधी खळ्यापासूनच सुरू होते. तेच मळणी यंत्र, तीच गोणी, तीच कोठी. म्हणून अशा घरी धान्य निवडताना गव्हाचा दाणा न् दाणा वेचून काढावा, धान्य धुऊन उन्हात वाळवावे आणि शक्य असल्यास घरघंटी केवळ याच धान्यांसाठी राखून ठेवावी. ते परवडत नसेल तर जुने दगडी जाते पुन्हा मांडण्यात कमीपणा नाही. एका मुलापुरते पीठ दळणे फार कष्टाचे नसते. पोळपाट, पीठ चाळण्याची चाळण, परात, तवा आणि डबा याही वस्तू वेगळ्या ठेवाव्यात. ज्या तेलात पुऱ्या तळल्या, त्यात या मुलासाठी पापड तळू नये.

पंगत एकच

शाळेत शिजणाऱ्या आहाराबाबत महाराष्ट्रातील परिस्थिती पुष्कळशी अनुकूल आहे. १९९५ साली सुरू झालेली, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजविलेल्या अन्नाच्या रूपात स्थिरावलेली आणि २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणारी योजना आपल्या राज्यात प्रामुख्याने तांदळावर उभी आहे. मूगडाळीची वा मटकीची खिचडी मूलतः ग्लूटेनरहितच असते. फक्त मसाला व हिंग तपासून घ्यावा, वाढण्याची पळी अन्य पदार्थांत बुडवू नये आणि पूरक खाऊ म्हणून बिस्किटे वाटली जातील त्या दिवशी या मुलासाठी शेंगदाण्याची चिक्की अथवा केळे तयार ठेवावे. एवढी दक्षता स्वयंपाकी व मदतनीस भगिनी सहज घेऊ शकतील; मात्र त्यांना कारण समजावून सांगितले पाहिजे.

याहून नाजूक प्रश्न डब्याच्या देवघेवीचा आहे. डबा वाटून खावा, हा संस्कार शाळाच मुलांना देते. आणि या मुलाला मात्र सांगावे लागते की, मित्राची पोळी घेऊ नकोस. वेगळा डबा, वेगळे ताट, वेगळी पळी या शब्दांना आपल्या समाजात कटू इतिहास आहे. भांडी वेगळी ठेवण्याच्या रूढीने माणसामाणसांत भिंती उभ्या केल्या आणि त्या पाडण्यासाठी या महाराष्ट्राने दीर्घ संघर्ष केला. म्हणून अन्न वेगळे असले तरी पंगत वेगळी होता कामा नये. मूल सर्वांच्या ओळीतच बसावे. त्याचे पथ्य म्हणजे विटाळ नव्हे, लागट रोग नव्हे, लाडही नव्हे, हे शिक्षकाने वर्गाला एकदा स्वच्छ शब्दांत सांगावे. मुलांना सांगितले तर समजते; चष्मा लावणाऱ्या मित्राचा चष्मा जसा ती जपतात, तसा त्याचा डबाही जपतात.

आठवड्यातून एक दिवस सर्व वर्गाने भाकरीचा डबा आणावा, असे काही ठरविता आले तर त्याचा दुहेरी लाभ होईल. एरवी एकटा पडणारा डबा त्या दिवशी सर्वांचा होईल आणि इतर मुलांच्या पोटातही नागली-बाजरी जाईल. भाकरी हे गरिबीचे अन्न आणि पोळी हे सुस्थितीचे, ही समजूत मुलांच्या मनातून जाण्यासही त्यामुळे मदत होईल. स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी वाटावयाचा खाऊ जिलेबीऐवजी राजगिऱ्याचा लाडू असला, तर झेंडावंदनानंतर कोणत्याही मुलाला रिकाम्या हाताने घरी जावे लागणार नाही.

गावाचे कर्तव्य

इटलीसारख्या, गव्हाच्या शेवयांवर जगणाऱ्या देशाने २००५ साली कायदा करून शाळा व रुग्णालयांच्या भोजनगृहांत मागणीनुसार ग्लूटेनरहित जेवण देणे बंधनकारक केले. आपल्या गावात कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याखाली वैद्यकीय पथके शाळांत व अंगणवाड्यांत येऊन मुलांची तपासणी करतात. ज्या मुलाची उंची वाढत नाही आणि लोहाच्या गोळ्यांनी ज्याचे रक्त वाढत नाही, त्याचे नाव शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी पथकापुढे आग्रहाने ठेवावे. निदान झालेल्या मुलाच्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. कारण हा आजार कुटुंबात आढळण्याचा संभव अधिक असतो.

शाळा व्यवस्थापन समितीने अशा मुलाच्या पथ्याची नोंद ठेवावी. शिक्षकाची बदली झाली तरी ती माहिती नव्या शिक्षकाला मिळाली पाहिजे. ग्रामपंचायतीने गिरणीचालकांना विनंती करून आठवड्यातील एक सकाळ, जाते व पेटी पूर्ण झाडून-पुसून झाल्यावर, केवळ ज्वारी-बाजरी-नागलीच्या दळणासाठी राखून घ्यावी. एखाद्या महिला बचत गटाने फक्त भरडधान्यांची गिरणी चालविली तर ती या मुलांना तर उपयोगी पडेलच, शिवाय गटालाही त्यातून रोजगार मिळेल. अशी गिरणी चालविण्यास यंत्र नवे लागत नाही. त्यात गहू कधीच पडणार नाही, एवढी शिस्त लागते.

गव्हाने या मुलखाला समृद्धी दिली, हे निर्विवाद आहे. त्या समृद्धीत ज्या मोजक्या मुलांना वाटा घेता येत नाही, त्यांच्यासाठी याच मातीने बाजरी दिली आहे, ज्वारी दिली आहे, आणि शेजारच्या डोंगरांनी नागली दिली आहे. ते धान्य गव्हाच्या कणापासून जपून मुलाच्या डब्यापर्यंत पोचविणे एवढेच काम उरते. घरात ते माता करील. गिरणीत, शाळेत आणि पंगतीत ते गावाने करावयाचे आहे.